डिकीवरचं नाव

पोराच्या, कल्याणच्या, गाडीवरून माझं नाव काढायला मी अंकुशनगरहून जालन्याला निघालो, तेव्हा पिशवीत मासे धरायचा नायलॉनचा दोरा, गोडेतेलाची बाटली आणि बायकोच्या जुन्या लुगड्याचा फडका एवढंच घेतलं होतं. पोराकडे चाललो होतो, पण पाहुणचाराला नाही.

गाडी मरून रंगाची. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा कल्याणनं नवीन जालन्यातल्या दुकानातून स्टीलची चकचकीत अक्षरं आणून डिकीवर चिकटवली: पुंजाराम. माझ्या पाया पडला, पेढे वाटले, गाडीशेजारी उभं करून माझा फोटो काढला. बियाण्यांच्या कंपनीत साहेब झालेलं पोरगं बापाचं नाव मिरवतंय म्हणून मीही गावभर छाती काढून फिरलो. मूर्ख होतो, दुसरं काय!

मागच्या महिन्यात त्याच्या आईला, चतुराबाईला, डोळे दाखवायला घेऊन त्याच्याकडे उतरलो होतो. दुपारी तिला एकाएकी जुलाब-उलट्या लागल्या. उभी राहीना. मी म्हणालो, गाडी काढ. तर साहेब म्हणतात, "आबा, सीटकव्हर परवाच टाकलेत. वास बसला की जात न्हाई मंग. रिक्षा बोलवतो, जल्दी येईल."

रिक्षा आली. वाटेत तिचं लुगडं भरलं, सीट भरली. दवाखान्याच्या दारात बिचारी लाजेनं खाली उतरेना. रिक्षावाला संपत, ना ओळखीचा ना पाळखीचा, त्यानं बाटलीतल्या पाण्यानं स्वतः सीट धुतली. "मावशी, माझीबी माय हाये घरी," म्हणाला. आमचा कल्याण मागून एकटाच आला, गाडीत एसी लावून. दवाखान्यातून मी तिला परस्पर गावी नेलं. त्या दिवसापासून त्याचा एक फोन नाही.

असल्या गाडीवर माझं नाव कशाला? मी ठरवलं, काढायचंच. पण रंगाला ओरखडाही पडू द्यायचा नाही. म्हाताऱ्यानं गाडी खराब केली, असं चारचौघांत सांगायची सोय त्याला ठेवायची नव्हती. मनात आणखी एक होतं, तेही सांगून टाकतो. त्यानं एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, 'आई कशी आहे?', तर दोरा पिशवीत टाकून मी आल्या पावली परत गेलो असतो.

रविवार होता. गाडी नेहमीसारखी दारासमोर उन्हात उभी. कल्याण बनियनवर बाहेर आला.

"आबा? फोन तरी करायचा."

"गाडीवरचं माझं नाव काढायला आलो. दुसरं काम न्हाई."

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. "डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं. साधना, तुझं केस वाळवायचं मशीन आन."

सून दारात येऊन उभी होती. "मामा, आत तर या. पानी तरी घ्या."

"पानी पिऊन आलो. मशीन आन."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. वायर खिडकीतून बाहेर आली. अक्षरं विकणाऱ्या दुकानदारालाच आदल्या दिवशी फोनवर गाठून मी सगळं विचारून घेतलं होतं. गरम हवा एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. हाताला चटका बसेल एवढं तापवायचं नाही. अक्षरामागची चिकटपट्टी मऊ झाली की मागून दोरा घालायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. लोखंड रंगाला लावायचंच नाही.

शेवटच्या 'म'पासून सुरुवात केली. दोन्ही हातांच्या बोटांना दोरा गुंडाळला आणि ओढायला लागलो. बोटं कापत होती.

"पेचकस देऊ का?" कल्याण म्हणाला. "एका झटक्यात निघंल. तुमचा तमाशा बी लवकर आटपंल."

"रंग उडंल. तुझ्या लाडक्या रंगाला मी धक्का लावनार न्हाई."

समोरच्या गॅलरीतून बजरंगलाल शेठ वाकले. "पुंजारामजी, गाडी विकता काय?"

"गाडी याची हाये, शेठ. नाव माझं हाये. माझं मी घेऊन चाललो."

"लोक बघून राह्यले, आबा," कल्याण दातओठ खात म्हणाला.

"बघू दे. रिक्षात बी बघतच होते."

मला वाटलं, आता तरी आईचं विचारेल. 'म' हातात आला. त्यानं पटकन वाकून खालची जागा पाहिली. "रंगाला लागलं का?"

'रा' निघाला. "लागलं का?" 'जा' निघाला. "आबा, जरा हळू, तिथं गाडीची कड हाये." तीन अक्षरं निघेपर्यंत त्यानं रंगाची चौकशी केली. एवढ्या वेळा तर चतुराबाईला डॉक्टरनंही विचारलं नसेल. माझं रक्त उकळत होतं, तरी हात मी हलकाच ठेवला. 'पुं' काढला, वरचं टिंबही काढलं. उरलेला चिकटा अंगठ्यानं चोळून गोळा केला, राहिलेल्याला तेल लावलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि फडक्यानं पुसलं. एक ओरखडा नाही.

आणि पाहतो तर नाव तसंच.

चार वर्षांच्या उन्हानं सगळी डिकी विटली होती. अक्षरांखालचा रंग मात्र शोरूममधून आणला तसा गडद राहिला होता. पुंजाराम. बजरंगलालला गॅलरीतून वाचता येईल एवढं ठळक.

"हे तर पहिल्यापेक्षा जास्त दिसून राह्यलं!" कल्याण ओरडला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हट्टानं काढायला आलो आणि ते निघालं नाही, याचं बरं वाटलं. रागही थोडा उतरला. मी म्हणालो, "पॉलिश मारत जा. उन्हात राहू दे. वर्षभरात रंग बराबर एक होईल."

"वर्षभर?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "वर्षभर हे नाव घेऊन फिरू? साधना, भांडे घासायची तारेची घासणी आन."

"अहो, रंग जाईल."

"जाऊ दे."

ती हलेना, तेव्हा तो स्वतः आत गेला आणि घासणी घेऊन आला. पहिल्याच हाताला 'म'वर पांढरे चरे उठले. मग तो दोन्ही हातांनी घासायला लागला, गुडघा बंपरला टेकवून. मरून भुकटी त्याच्या बनियनवर उडत होती. साधना तोंडावर पदर धरून उभी होती. ज्या गाडीला आईचा वास लागू दिला नाही, तिचं कातडं तो माझ्या नावापायी सोलत होता. मी त्याचा राग राग करत आलो होतो, पण त्याच्या पोटात माझ्याबद्दल एवढं साठलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कल्याण, तुझी आई जिती हाये का मेली, एवढं तरी विचार."

त्यानं मान वर केली नाही. घासणी 'रा'वर आली होती.

"बाजूला सरका आबा," तो म्हणाला. "हात आखडून राह्यला."

मी सरकलो.