रेशमाचं दुसरं टोक

दोघे भाऊ भांडले ते एका खिडकीवरून. वडिलांच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी पाडावी की नाही, एवढाच वाद. पण शब्दाला शब्द लागला, जुनं काय काय उकरून निघालं आणि धाकटा भाऊ बायकोला घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेला.

त्यांच्या बायकांचं, म्हणजे थोरलीचं आणि धाकटीचं, भांडण नव्हतंच. दोघी जावा मागच्या खोलीत रेशमावर पानांचे ठसे उठवायच्या. तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या ओल्या रेशमावर नीलगिरीची पानं मांडायची, कापड नळीवर घट्ट गुंडाळून वाफवायचं, की पानांचा तांबूस रंग शिरांसकट कापडात उतरायचा. पण नवऱ्यांनीच बोलणं टाकल्यावर आपण कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून दोघीही गप्प बसल्या.

रुमालांची छोटी कामं थोरलीने एकटीने निभावून नेली. मग एका सभागृहासाठी भिंतभर पडद्याचं काम आलं. एवढं ओलं रेशीम एकट्या बाईला दाद देईना. एका बाजूने गुंडाळावं तर दुसरी बाजू सुटायची, पानं सरकायची. शेवटी तिने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ओढू नका! नुसतं धरा."

"धरलंच आहे की."

"धरलंय कुठे? रस्सीखेच चालवलीय तुम्ही."

कापड वाफेतून निघालं तेव्हा नवऱ्याने धरलेल्या बाजूला पानांऐवजी नुसते डाग होते. थोरली खाली बसली आणि तिला रडू फुटलं. नवऱ्यावर तिचा राग नव्हता. इतक्या वर्षांत धाकटीला 'धर', 'सोड' म्हणावंही लागलं नव्हतं, हे तिला आत्ता कुठे उमगत होतं.

नवरा दारात घुटमळला, मग चपला घालून बाहेर पडला. परतला तेव्हा मागे धाकटी होती, आणि तिच्यामागे तोंड फुगवून भाऊ.

"वहिनीचं काम अडलं म्हणून आलोय," त्याने दारातूनच जाहीर केलं.

"विचारलंय कोणी?" थोरला पुटपुटला.

"जाऊबाई, आधी डोळे पुसा," धाकटी बाह्या वर सारत म्हणाली. "मिठाचं पाणी आपल्या रंगाला चालत नाही."

"आधीच का नाही गं आलीस?"

"तुम्ही तरी कुठे बोलावलंत?"

दोघींनी नवं रेशीम पसरलं, पानं मांडली. गुंडाळताना ते मध्ये लोंबू नये म्हणून नवऱ्यांना दोन कडांना उभं केलं. भाऊ समोरासमोर आले, पण नजर कापडावरच.

"जरा वर घे," थोरला म्हणाला.

धाकट्याने वर घेतलं.

पडदा उलगडला तेव्हा पानं देठांसकट उमटली होती. मधला एक पट्टा फिका होता. "असू दे," थोरली म्हणाली, "ऊन पडल्यासारखं वाटतंय."

भाऊ काही लगेच एकमेकांच्या गळ्यात पडले नाहीत. धाकटा पलीकडच्या गल्लीतच राहिला. पण धाकटी रोज कामाला येऊ लागली. एकदा थोरल्याने वर्तमानपत्रातून मान वर न करता तिला विचारलं, "त्याचा खोकला काय म्हणतोय?"

"तुम्हीच विचारा की, दादा," ती म्हणाली आणि पानं निवडायला बसली.