चार बोटं दोरा

आमच्या नियोजन खात्यात संगणक आहेत, भिंतीएवढे पडदे आहेत, पण साहेबांचा जीव अडकलाय तो जुन्या कागदी नकाशात. विभागाला जेवढी तार मंजूर होते, तेवढा दोरा ते नकाशाच्या मापाने स्वतः कापतात आणि आमच्या हातात ठेवतात. तो टाचण्या टोचत आम्ही गावोगाव न्यायचा. डोंगर आला की दोऱ्याला गाठ मारायची, कारण कागद सपाट असतो, डोंगर नसतो. दोरा संपला की विभागाची वीज संपली. उरलेल्या गावांनी पुढच्या आराखड्याची वाट बघायची, म्हणजे दहा वर्षं. नवी मंडळी या प्रकाराला हसतात. हसोत बापडी.

मला ते काम आवडतं. दुपारी नकाशाच्या खोलीत पडदे ओढलेले असतात, पंखा संथ फिरत असतो, आणि दोरा बोटांतून सुटायला लागला की मीही त्याच्याबरोबर निघते. नदी ओलांडताना पाय गार पडतात. कुणाच्या परसातून जाताना वाळत घातलेली चादर बाजूला सारते. चढणीला धाप लागते, मग मी गाठ मारते आणि जरा बसते. पलीकडच्या टेबलावरचे मिशीवाले, पूर्व विभागाचे, म्हणतात, "बाई निघाल्या फिरायला!" त्यांचा सगळा विभाग सपाट. त्यांना काय कळणार?

त्या दुपारी मी उत्तरेच्या वरच्या खोऱ्यात चढत होते. आराखड्यावर संध्याकाळी सही व्हायची होती. त्या खोऱ्यात माझी ताई आरोग्य केंद्रात नर्स आहे. सरकारने तिला लसींचा फ्रिज आधी पाठवला, वीज मागाहून येणार होती. ती आलीच नाही. ताई त्या फ्रिजमध्ये बाळांची दुपटी ठेवते. लसी खालच्या शहरातून बर्फाच्या पेटीत येतात. घाटात जीप बंद पडली की बर्फाचं पाणी होतं, आणि डोंगर उतरून आलेल्या आयांना ताई हात जोडून परत पाठवते. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "यंदा तरी वळेल का गं आमच्याकडे तुझी रेघ?"

"बघते," मी म्हटलं होतं. आमच्या खात्यात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो.

शेवटच्या डोंगराला गाठ मारली आणि दोरा संपला. ताईचं गाव चार बोटं पुढे होतं. मला खिडकीत उभी असलेली ताई दिसत होती, आणि माझ्या हातात दोरा नव्हता. इतका राग आला म्हणून सांगू! मी दोरा खेचला. चांगला ताणला. पोचला तो. मी टाचणी दाबून बसवली, आणि क्षणभर खरंच वाटलं, फ्रिजचं दार उघडलंय, आतला छोटा दिवा लागलाय आणि दुपट्यांवर पिवळा उजेड पडलाय. मी तिथेच उभी राहिले असते.

साहेब मागे कधी आले, कळलंच नाही.  त्यांनी एका बोटाने दोरा छेडला. टण् असा आवाज झाला.

"वाजतोय, बाई," ते म्हणाले. "तार अशी ताणता येत नाही. शेवटचा खांब नुसताच उभा राहील. कोण आहे तिथं तुमचं?"

"ताई. नर्स आहे."

"मग तुम्ही यात हात घालायलाच नको."

"नाही घालत. तुम्ही घाला. पण तो फ्रिज काय दुपटी गार करायला पाठवला होता?"

मिशीवाल्यांनी मान खाली घातली. साहेब मात्र चिडले नाहीत. "मान्य आहे," म्हणाले. "पण दोरा कुठून आणू?"

मी नकाशाच्या तळाशी पाहिलं. तिथे शहराच्या टेकडीवरच्या वस्तीला दुसरी तार दाखवली होती. पहिली आहे, पण रोज संध्याकाळी भार वाढला की रुसते. मीच लावला होता तो तुकडा, मोठ्या हौसेने.

"इथून," मी म्हटलं. "ज्यांना एकही नाही, त्यांना आधी."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि इथं कोण राहतं?"

"मी. आणि सासूबाई. चौथ्या मजल्यावर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी स्वतः ती टाचणी काढली, तुकडा वरच्या टोकाला बांधला आणि पुन्हा छेडून पाहिला. दोरा सैल होता. आवाज आला नाही.

खांब डोंगर चढायला दोन वर्षं गेली. परवा संध्याकाळी मी घरी पोचले, तर दिवे गेलेले आणि लिफ्ट बंद. सासूबाई नुकत्याच जिने चढून आल्या होत्या. अंधारात पदराने वारा घेत म्हणाल्या, "त्या तुमच्या खात्यातल्या लोकांना एकदा हे जिने चढायला लावले पाहिजेत!"

"मी रोज चढते, आई."

"तू नाही गं. ते ठरवणारे."

 तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, आणि तिच्या मागे कुठलं तरी बाळ सुई टोचल्यासारखं भोकाड पसरत होतं.

"छोटे," ती ओरडून म्हणाली, "माझी दुपटी ठेवायला जागाच उरली नाही गं! एखादं कपाट मिळेल का कुठे?"

डोळे भरून आले. अंधार होता म्हणून बरं.

"बघते," मी म्हटलं.