शेवटावरची पट्टी

कुठल्याशा गावात एक घड्याळजी होता, त्याची शिवणकाम करणारी बायको होती आणि दोघांना मिळून एक लेक होती. जिभेची तिखट, म्हणून सगळे तिला मिरची म्हणायचे. त्यांच्या घरात, काचेच्या कपाटात, एका पुस्तकाच्या पोटाला चिकटून आणखी एकजण राहायची. ती मी.

मी एक कागदी पट्टी बोलतेय. बोटभर रुंद, पिवळट, दोन्ही टोकांना डिंक. एवढीशी चिंधी काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं. मला अक्षर येत नाही. माझ्या अंगावर काय छापलंय ते लोकांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा मला कळलं. ‘शेवट आत आहे. धीर सुटला तर फाडा.’

म्हणजे बघा, काडी जन्मते पेटायला, तशी मी जन्मले फाटायला.

लांब समुद्रापलीकडे एक इंग्रज लेखक होता. खून, हेर, अंधारी तळघरं, सैतानाचे मंत्र, असलं सगळं तो लिहायचा आणि लोक दिवे मोठे करून वाचायचे. त्याच्या छापणाऱ्याला एकदा कल्पना सुचली, की शेवटची पानं पट्टीनं बांधून टाकायची. वाचणारा तिथवर आला की तडफडला पाहिजे. डिंकानं बोटं चिकट झालेल्या एका पोरीनं माझ्या शेकडो बहिणी चिकटवल्या, आणि मला.

बहिणींचं भलं झालं. कोणी नखानं फाडली, कोणी दातानं. पुस्तकं वाचून झाली, रद्दीत गेली, बहिणीही गेल्या. पण काम करून गेल्या! मी मात्र राहिले. माझ्या पहिल्या मालकाला पुस्तक अर्ध्यावर असतानाच झोप लागली, आणि उठल्यावर त्यानं ते पुन्हा हातात धरलं नाही. दुसऱ्यानं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. फिरत फिरत जुन्या घड्याळांच्या एका पेटीतून मी घड्याळजीच्या घरी आले.

ते दिवस चांगले होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की घड्याळजी डोळ्यावरचं भिंग कपाळावर चढवायचा आणि लेकीला मराठी करत वाचून दाखवायचा. मिरची कामाच्या टेबलाखाली बसून ऐकायची. गोष्टीत एका मामा-भाच्यांचा मोठा बंगला होता, आणि त्याच्या तळघरात काळा झगा घालून कोणीतरी मंत्र म्हणायचं. तो कोण, यावरून बापलेकीची जुंपायची.

“बाबा, तो मामा आहे.”

“हट! तो खरा सैतान आहे.”

“सैतानाचे बूट चिखलानं भरतात का? सगळे झोपलेले असतात आणि सकाळी मामाच्याच बुटांना चिखल. मामाच!”

“अगं, एवढा मोठा लेखक इतकं सोपं करील होय?”

असं करत दोघं माझ्यापर्यंत पोचले. मी अंग ताणून तयार झाले. घड्याळजी म्हणाला, “आत्ता नको. परीक्षा संपली की तू तुझ्या हातानं फाडायची. वचन.”

परीक्षेच्या आधीच दातांचे डॉक्टर आले. बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले होते, पण नजर माझ्यावर पडली आणि घड्याळ विसरले. “न फाटलेली पट्टी!” असं म्हणून मटकन स्टुलावर बसले. डॉक्टर या लेखकाचे वेडे. त्याची पुस्तकं जमवायची, कोणत्या छपाईच्या पुठ्ठ्याचं कापड लाल आणि कोणत्या छपाईचं काळं, यावर तासभर बोलायचं, हे त्यांचं दुसरं दुकान. त्यांनी सांगितलं, की ही गोष्ट पुन्हा कधी छापलीच नाही. अशा प्रती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. “घड्याळजी, हिला बोट लावू नका. पाया पडतो.”

घड्याळजीला आजवर कोणी पाया पडतो म्हटलं नव्हतं. तिथंच माणूस घसरला.

रविवारी मंडळी जमू लागली. डॉक्टर यायचे, निवृत्त स्टेशनमास्तर यायचे, बाहेरगावचा कोणी असला तर तोही. हात धुवायचे, पांढरे हातमोजे चढवायचे आणि मला बघायचे. पुस्तकाला नाही हो, मला! मग चहा, बिस्किटं आणि वाद. डॉक्टर म्हणायचे, लेखकानं काळी जादू डोळ्यांनी पाहिली होती. मास्तर म्हणायचे, “कसली जादू! शेकोटीपाशी बसून पेला भरला, की दिसतोच सैतान.”

एकदा मास्तरांनी विचारलं, “पण या गोष्टीचा शेवट काय आहे हो?”

डॉक्टरांनी म्हणे अशी प्रत असलेल्या दूरदेशीच्या दोन मालकांना विचारलं होतं. दोघांचं उत्तर एकच, आम्हीही उघडलेलं नाही. तासन्‌तास ज्या गोष्टीवर ही माणसं भांडत होती, तिचा शेवट त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता! शिवणयंत्रावर बसलेली घरची बाई म्हणाली, “म्हणजे नवरी कोणी पाहिली नाही, आणि घुंगटाची आरती चाललीय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम न करता मान मिळावा, यासारखी लाज नाही. त्या भिंगाखाली मी अंग चोरून घ्यायची. जागा मिळाली असती तर पानांच्या फटीत शिरले असते.

परीक्षा झाली. मिरची हात धुऊन समोर उभी राहिली. घड्याळजी म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तेच. तिची वेणी लांब झाली, तिनं विचारणं सोडलं. मग एका रविवारी मंडळी चहात असताना तिनं कपाट उघडलं आणि आईचं शिवण उसवायचं पातं माझ्याखाली सरकवलं. थंडगार पातं. देवाशप्पथ सांगते, मला आनंद झाला.

पण काचेचं दार करकरलं.

“चोर!” घड्याळजी ओरडला. सगळ्यांदेखत. “घरातच चोर निघाली!”

मिरचीनं पातं टेबलावर ठेवलं. रडली नाही. “वचन कोणी चोरलं, बाबा?” एवढंच म्हणाली आणि आत गेली. डॉक्टर बिस्किटाकडे बघत राहिले. आणि डॉक्टरांनीच मग भिंग घेऊन बघितलं, मला ओरखडा तर नाही ना! पोरीला काय झालं ते कोणी बघितलं नाही. ती शरम आजही माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

शिकून मिरची दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. फोन यायचा तो आईला. बापानं उचलला तर “आई आहे का?” एवढंच.

आणि एका सकाळी बाई फोनवर बोलता बोलता हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. फोन ठेवून म्हणाली, “मिरचीनं लग्न ठरवलंय. मुलगा चांगला आहे, तिच्याच दुकानातला. कचेरीत जाऊन सह्या करणार आहेत.”

“कधी? मला कधी यायचंय?”

बाईनं यंत्राचं चाक उगाच फिरवलं. “तुमचं नाव तिनं काढलं नाही.”

त्या दुपारी घड्याळजीनं दुकानाची फळी लावली. मला बाहेर काढलं आणि किटली चढवली. मी ओळखलं. वाफेनं माझा डिंक सैल करायचा, चिमट्यानं मला उचलायचं, शेवट वाचून लेकीला कळवायचा आणि मला होती तशी चिकटवून टाकायची. केसाएवढी स्प्रिंग बसवणारे हात ते, कुणाच्या बापाला कळलं नसतं! वाफ लागली, माझं एक टोक उचललं गेलं. शी! फाटायला जन्मलेली मी आणि चोरपावलांनी सुटणार होते.

बाई दारात उभी होती. “हे काय चाललंय?”

“दिलेला शब्द पाळतोय.”

“असा? मग पोरीला काय सांगाल? शब्द पाळला, पण कोणाला बोलू नकोस?” ती पुढं आली आणि गॅस बंद केला. “अहो, चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. मग हे का लपून?”

घड्याळजी खाली बसला. चिमटा हातात तसाच. माणूस इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघं सारखेच दिसत असू. मग त्यानं स्वतः फोन लावला. “मिरचे... रविवारी ये. तो मामा आहे का, बघू.”

पलीकडून आवाज आला, “येते.”

रविवारी मंडळी जमली होती. मिरची आली, दाराशीच उभी राहिली. घड्याळजीनं पुस्तक काढलं, मोजे न घालता तिच्यापुढं धरलं. “तेव्हा चोर मी होतो. यांच्यासमोर सांगतो. घे, फाड.”

“अहो, करताय काय!” डॉक्टर ताडकन उठले.

“धीर सुटला, डॉक्टर.”

मिरचीनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. “एक टोक तुम्ही धरा,” ती म्हणाली.

टर्र! काय सांगू तुम्हाला. इतक्या वर्षांचं ओझं त्या एका आवाजात गेलं.

घड्याळजी वाचू लागला. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले होते, पण पान उलटायला जरा उशीर झाला तर तेच ओरडले, “अहो, मग? झगा कोणी काढला?”

झगा निघाला. खाली मामा होता. बुटांना चिखल.

मास्तर असे हसले की त्यांच्या कपातला चहा बशीत आला. “एवढ्यासाठी आपण मोजे घालत होतो?” मिरची हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. “मी म्हटलं होतं ना, बाबा! मामाच!”

“हरलो गं बाई. साफ हरलो.”

जाताना ती उंबऱ्यावर थांबली. “बाबा, कचेरीत साक्षीदाराची सही लागते. तुम्ही कराल?”

त्यानं केली. सासर आणि माहेर यांत आता मिरचीची ये-जा असते आणि दर रविवारी भांडण बापलेकीचं असतं. डॉक्टर पंच.

माझे आता दोन तुकडे आहेत. एक मिरचीच्या पुस्तकात खूण म्हणून असतो, दुसरा घड्याळजीच्या खणात, स्प्रिंगांच्या डबीत. मला बघायला आता कोणी येत नाही, ते बरंच आहे. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण कोणाच्या वचनावर बसून राहिली असेल, तर तिला असं लाजेत ठेवू नका. माणसाला हाक मारा आणि एक टोक त्याच्या हातात द्या. घड्याळजीच्या घरी लेक परत आली, तशी तुमच्याही दारी येवो.