आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

आभाला दोन वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते आणि तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. कानांची शंका कुणालाच नव्हती. वणीच्या त्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की पोरगी हातातलं टाकून खिडकीकडे बघायची. मग बोलत का नाही, याच एका विचारानं तिच्या आईचा, मंजुषाचा जीव टांगणीला लागला होता.

त्या हंगामात गावात ज्याच्या त्याच्या तोंडी कापसाचा पडलेला भाव. तिचा नवरा नंदकिशोर खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर. दिवसभर वाद घालून घसा बसवून घरी यायचा, कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच, आणि मुकाट जेवायचा.

दुपारचे दोन तास तेवढे मंजुषाचे. नागपूरला कॉलेजात असताना परदेशी सिनेमांचं वेड लागलं ते सुटलं नव्हतं. भाऊ सलील पुण्याहून सीड्या पाठवायचा: इराण, जपान, पोलंड. भिंतीपलीकडे घरमालक नानाजी झोपलेले असत, म्हणून ती आवाज पार बंद करून टाकी. तशीही ती भाषा कुठं कळत होती? खाली इंग्रजी अक्षरं उमटत, ती वाचली की झालं. मांडीवर आभा. समोर बर्फात धुणं वाळत घालणारी म्हातारी आणि दोरीवर पत्र्यासारखे ताठ झालेले सदरे. कधीही न पाहिलेल्या गावात कुणीतरी दार उघडून आपल्याला आत घेतलंय, असं मंजुषाला वाटे.

धुणंभांडी करणारी, तांड्यावरची बसंतीबाई पदराला हात पुसत दाराशी टेकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण तिचं काही अडत नसे.

"हा बुढा खोटं बोलून राह्यला, ताई."

"कशावरून गं?"

"बायकोकडं पाहूनच नाही राह्यला ना. चहाकडं पाहते नुसता. माहा नवरा रामधन असाच करते."

दोन मिनिटांनी पडद्यावरचा म्हातारा खरंच उघडा पडे. मंजुषा हसली की तिच्या तोंडाकडे बघत आभाही खुदकन हसे.

पण त्या रविवारी जेवताना नंदकिशोर म्हणाला, "पोरगी बोलणार कुठून? आवाज बंद करून सिनेमे दाखवतेस तिला."

मंजुषानं ताट बाजूला सारलं. किती दुपारी आपण लेकराला असं गप्प बसवलं, तेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नानाजी महागावला लेकीकडे गेले. मंजुषानं सीडी लावली आणि आवाज मोठा केला. पडद्यावर कुठल्याशा डोंगरी गावातलं लग्न. एकदम बँड वाजू लागला.

"अगं बाई!" बसंतीबाईच्या हातून ताट पडलं. ते फरशीवर गरगरत राहिलं. "कमी कर ना वं ताई, कान फुटतीन!"

आभा टीव्हीकडे पाठ करून डब्यांवर झाकणं लावत होती. तिनं मान वळवली नाही. मंजुषानं आवाज आणखी वाढवला. आभानं दुसरं झाकण उचललं, नीट बसवलं.

इतक्यात रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला. आभानं चटकन खिडकीकडे पाहिलं.

"हे पाहा! आलं ना छोरीले ऐकू!" बसंतीबाईला हायसं वाटलं.

 मागून दुसरा ट्रक येत होता. मंजुषानं टीव्ही बंद केला, खाली बसली आणि आभाशेजारी फरशीवर तळहात टेकला. फरशी थरथरत होती.

आभानं पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"ताई, काहून रडतं?"

मंजुषानं डोळे पुसले, केंद्रावर फोन लावला. नंदकिशोरच्या मागे कुणीतरी कापसाच्या ओलीवरून ओरडत होतं.

"आभाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं मी तिला नागपूरला नेते."

"वेडी आहेस का? ट्रक गेला की..."

"फरशी हलते म्हणून बघते ती. आत्ता हात लावून पाहिलं मी."

मागचा आरडाओरडा लांब गेला; तो बाहेर आला असावा. मग त्याचा बसलेला आवाज आला, "त्या सिनेमांमुळं झालं का?"

"नाही. पण कळायला उशीर झाला तो त्यांच्यामुळं. आवाज मीच बंद करत होते." तिनं आभाला मांडीवर ओढलं. "तुम्ही येता का?"

"येतो. पहिल्याच गाडीनं निघू."