ताम्मूने पाणी सोडलं तेव्हा

कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. ठेवणार तरी कोण? मी झारी बोलतेय, संडासातली झारी. माझ्या तोटीतून पाणी पडतं, शब्द पडत नाहीत. पडले असते तर त्या घराला केव्हाच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

फेस शहरातल्या तांबटांच्या चौकात मी घडले. ठोके खाऊन खाऊन पोट आलं, मान आली. ताम्मू लग्न होऊन सासरी आली ती मला काखेत घेऊन. पन्नास वर्षं तिने माझ्याच पाण्याने हातपाय-तोंड धुऊन वजू केली आणि नमाजाला उभी राहिली. माणसाची अब्रू कुठे उघडी पडते ते मला विचारा. दिवाणखान्यातल्या चहाच्या किटलीला काय कळतंय!

म्हातारपणी ताम्मूला लघवी आवरेना. शिंकली की थेंब, हसली की थेंब. थेंब गेला की वजू मोडली, की पुन्हा दोन जिने उतरून माझ्याकडे. गुडघे धरत यायची, "आले गं बाई," म्हणायची. मला म्हणायची! पण रडगाणं कधी गायली नाही.

मग मोठी ईद आली. त्या दुपारी ती डोळे पुसत खाली आली. दार लावलं, झगा माझ्या पाण्याने धुतला, एकदा, दोनदा, तीनदा. वर पाहुणे हसत होते. कुणीतरी काहीतरी बोललं होतं. कोण, ते तिने सांगितलं नाही. पुटपुटली एवढंच, "आता पाणीच बंद."

आणि केलं की बंद! सकाळी पुदिन्याचा चहा अर्धा पेला, रात्री सूप चार चमचे. दुपारच्या वजूवर संध्याकाळची नमाज ढकलायची. दिवसातून सात-आठदा येणारी बाई दोनदा यायला लागली. लघवी जुन्या मधासारखी काळपट. तिच्याकडे बघणारं त्या घरात माझ्याशिवाय होतं कोण?

महिन्याभरात तिची जीभ जड झाली. पाठ असलेले नमाजाचे शब्द विसरायला लागली, मेलेल्या बहिणीला हाका मारायला लागली. मुलगा द्रीस घाबरला, बाटलीत लघवी घेऊन तपासणीला पळाला. कागद आला: लघवीत जंतू.

झालं! घराला चोर सापडला.

"जळजळ होते का, यम्मा?"

"नाही रे."

"ताप वाटतो? पोटात दुखतं?"

"नाही म्हणते ना! बहिरा झालास का?"

पण म्हातारीचं ऐकतो कोण? कागद बोलला की माणसाने गप्प बसायचं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी जुलाब लागले, अंगात होतं नव्हतं ते पाणीही गेलं. पुन्हा तपासणी, पुन्हा जंतू, पुन्हा दुसऱ्या गोळ्या. असं तीनदा.

मग जंतू येतात कुठून? द्रीस बायकोवर खेकसला, "हनिया, ही झारी कधी घासली होतीस? हिरवी पडलीय बघ!"

हनियाही ऐकून घेणारी नव्हे. "तुझी आई तिला हात लावू देते का कुणाला? आणि तू रे, जन्मात कधी संडासात पाणी तरी ओतलंस?"

तरी दोष आम्हा दोघींच्याच कपाळी. मला गच्चीवर टाकलं, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. माझ्या जागी प्लॅस्टिकचं लाल भांडं आलं. वरून मी ऊर फुटेस्तोवर ओरडत होते, अरे मेल्यांनो, जंतू राहू द्या, तिला पाणी पाजा! एक कोंबडी माझ्यावर शिटली. तेवढंच उत्तर मिळालं.

परवा ताम्मू जिन्यात कोसळली. इस्पितळात शुद्धीवर आली तशी म्हणाली, "माझी झारी आणा." हनियाने मला मीठ-लिंबाने घासलं आणि आज इथे आणलं. खाटेजवळच्या स्टुलावर बसलेय. ताम्मूचे ओठ भेगाळलेत, डोळे खोल गेलेत.

डॉक्टरीणबाईंनी तीनही कागद बघितले. "अहो, या वयाच्या कितीतरी बायकांच्या लघवीत जंतू असतात, काही त्रास न देता. हिला ताप नव्हता, जळजळ नव्हती, मग त्यांच्या मागे का लागलात? हिची मूत्रपिंडं पाण्यावाचून बंद पडायला आलीत. दिवसाला पाणी किती पीत होती?"

द्रीसने हनियाकडे बघितलं. हनियाने जमिनीकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती वाचेल का, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. सलाईन थेंबथेंब उतरतंय, खालची लघवीची पिशवी कोरडीच. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल तर पाया पडते तुमच्या, कागद वाचण्याआधी त्याला विचारा, पाणी प्यायलास का? आणि नसेल प्यायला, तर का?

डॉक्टरीणबाईंनी मानाने हाक मारून विचारलं. "लल्ला, पाणी का सोडलंत?"

ताम्मू बोलली. "ईदला माझ्याखालची गादी भिजली. सगळ्यांदेखत मला म्हणाले, हिच्यापेक्षा मेंढरू बरं, ते निदान अंगणात मुततं. सगळे हसले. म्हटलं, आत घेतलंच नाही तर बाहेर येईल कुठून?"

"कोण म्हणालं असं?"

द्रीस बायकोवर उसळला, "तूच! दुसऱ्या कुणाची जीभ आहे एवढी?"

हनियाने मला उचललं, माझी तोटी सासूच्या ओठांना लावली. ताम्मूने एक घोट घेतला. दुसऱ्याला मान फिरवली. आणि तान्ह्या बाळाला हाक मारावी तसं, हळूच, विचारलेलं नाव घेतलं.

"द्रीस."