हशाची जागा

माइकच्या जाळीत तांदळाचा एक दाणा अडकला होता. हळदीनं पिवळा झालेला, कुणाच्या तरी लग्नातला... आणि प्रियंका नखानं तो उकरत होती तसा तो आणखीच आत जात होता. आजचा अख्खा दिवसच मेला असा, ज्याला हात लावावा ते आत जातंय. सहाला कार्यक्रम, स्पीकर मघापासून घूं घूं करतोय, आणि बाहेर बसवकल्याणच्या भर रस्त्यावर मंगल कार्यालयाच्या कमानीवर तिच्या बँडचं नाव झळकतंय — 'कामण्णा'!

खरं नाव कामून. किती साधं नाव. का, कशाला, कशापायी — या भागात माणसं उठल्यापासून झोपेपर्यंत म्हणतात तो शब्द. पण कार्यालयाचे मॅनेजर गुरुशांतप्पा यांनी तो फ्लेक्सवाल्याला फोनवरून सांगितला, आणि त्या पठ्ठ्यानं कानडीत ऐकून मराठीत छापला.

"कामण्णा म्हंजे होळीला जाळतेत त्यो हाय, अण्णा," ती सकाळी म्हणाली होती, जमेल तेवढ्या शांतपणे.

"मग बरंच झालं की अक्का, समद्यांच्या वळखीचं नाव. 'कामून' वाचलं तर लोक म्हणतील, व्हय की, कामून जायचं?"

कपाळ! श्रीवत्स तर हसून हसून खाली बसला. तो पुण्याचा, गिटार वाजवतो, बँड म्हणजे तो आणि ती. काल उतरल्यापासून त्याला इथलं सगळं भारी वाटतंय — उसाचा रस भारी, कानडी पाट्या भारी, कामण्णा तर फारच भारी. भारी म्हणायला याचं काय जातंय? याची आई थोडीच येणार आहे ऐकायला.

हां, आई. खरी चिडचिड फ्लेक्सची नव्हतीच. आई येणार होती, आणि आईनं ते गाणं अजून ऐकलेलं नव्हतं... ते गाणं म्हणजे सगळी आईच होती. विमलबाई, जवळच्या कोहिनूर गावच्या अंगणवाडीतल्या मदतनीस, रोज रात्री लेकीला फोनवर जे विचारायच्या ते — जेवलीस का? कामून न्हाई? आवाज कामून बसलाय? गावाकडं कामून आली न्हाईस? प्रियंकानं ते एकापुढे एक ठेवलं, श्रीवत्सनं खाली सूर भरले, आणि पुण्यातल्या त्या छोट्याशा कॅफेत पहिल्या 'कामून'लाच लोक हसले. वाईट नाही, प्रेमानंच हसले. किती गोड शब्द आहे, म्हणाले. पुढच्या वेळी श्रीवत्सनं तिथं गिटार थांबवली, लोकांना हसायला सवड मिळावी म्हणून, आणि त्या सवडीला तो 'हशाची जागा' म्हणू लागला. आणि मी? मीही थांबायला लागले. भुवई उडवायला लागले. आवाज थोडा चिरका, थोडा जास्तच गावठी... आई बोलते का अशी? न्हाई. मुळीच न्हाई.

"ती जागा आज नको," ती श्रीवत्सला म्हणाली.

"का गं?"

"इथं सगळेच असं बोलतात. हसायचं काय त्यात?"

"मग तर जास्तच हसतील! रिलेट करतील."

रिलेट! याच्या डोक्यात माइक घालावा. आणि समजा हसलेच, आणि त्या हशात पहिल्या रांगेत आई बसलेली असली... तिच्या लक्षात येणार नाही का, आपली लेक परगावी आपली नक्कल करून टाळ्या घेते म्हणून? हा विचार कालपासून डोक्यात अडकून बसला होता. दुपारच्या बसनं येते म्हणाली होती. दुपार टळली. फोन कामून उचलंना झालीय ही बाई! — पुण्यात प्रियंका मनातसुद्धा 'का'च म्हणायची.

"चल, एकदा घेऊ," श्रीवत्सनं तारा छेडल्या.

तिनं डोळे मिटले. रिकामं सभागृह, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. भुवई उडवायची नाही असं ठरवून ती गायली — गावाकडं कामून आली न्हाईस गं? — आणि नको म्हटलेलं असूनही श्रीवत्सचा हात सवयीनं थांबला.

"बस बंद पडली की गं माय वाटंत!" दारातून आवाज आला. "दुसरी येऊस्तोर हुभीच होते उन्हात. मोबाइल घरीच राहिला. त्यात एवढं वरडायलीस कामून?"

विमलबाई दारात उभ्या होत्या, हातात पिशवी, चेहरा उन्हानं लाल, धापा टाकत, आणि खऱ्याच दुखावलेल्या.

"अरे, हे ठेवूया!" श्रीवत्स गिटारवर वाकून हसत होता. "हे असंच ठेवूया!"

त्याच्यावर ओरडायला हवं होतं. दिवसभर साठलेलं सगळं आता बाहेर काढायला किती सोयीचं होतं... पण राग येईना. बस बंद पडली. किती सरळ सांगून टाकलं आईनं, दम लागलेला असतानाही. आणि आपण? तीन वर्षं ती हाच प्रश्न रोज विचारते, आणि आपण कधी 'बघू', कधी 'रिहर्सल आहे'... एकदासुद्धा खरं काय ते सांगितलं नाही. प्रश्नालाच चाल लावली.

"गाण्यातलं होतं व्हय ते?" आई ओशाळून हसली. पहिल्या रांगेत टेकली, पदरानं मान पुसली. "मला वाटलं मलाच इचारायलीस. बरं, म्हण की म्होरलं."

आणि मान वर करून ती ऐकायला बसली. श्रीवत्सनं हसू आवरून पुन्हा सूर धरला. प्रियंकानं तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं — त्या प्रश्नानंतर गाण्यात उत्तर नाहीच. तिथं नुसतंच आऽ आऽ आहे, दोघांच्या आवाजात, छान बसवलेलं.