अण्णांची जर्मन

“जर्मनी संपली,” साबुदाण्याचा वडा दह्यात बुडवत शैलेंद्रने जाहीर केलं. झूटरमेर या डच गावातल्या आमच्या घरी नवरात्रातल्या शनिवारी जमलेल्या मंडळींनी गंभीरपणे माना डोलावल्या.

शैलेंद्र हूफडॉर्पला राहतो, बँकांचं सॉफ्टवेअर करतो आणि दर खेपेला एखादा देश निकालात काढतो. मागच्या वेळी ब्रिटन होतं. देश निकालात निघाला की त्याला वडे जास्त जातात, असं माझं निरीक्षण आहे.

“अरे, परवा माझी ट्रेन दोन तास लेट. आणि कुठे, तर जर्मनीत,” तो म्हणाला. “पूल पडायला आलेत, फोनला रेंज नाही, ऑफिसात अजून फॅक्स चालतो. फॅक्टऱ्या बंद होतायत आणि गाड्या आता चायनावाले विकणार. फिनिश्ड.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे सासरे, हरिहर अण्णा, बसले होते. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

“ट्रेन आली ना शेवटी?” त्यांनी विचारलं.

“आली, काका. पण दोन तास—”

“बसायला जागा मिळाली?”

“मिळाली.”

“मग संपली कशी?”

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. “माणूस अंथरुणाला खिळला म्हणून त्याचं तेरावं घालतात का?” एवढं म्हणून त्यांनी बशी पुन्हा उचलली. माझा नवरा राघव मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “शैल्याला आवर. अण्णांसमोर जर्मनी म्हणजे... तुला माहितीये ना.”

मला माहीत नसेल तर कोणाला असणार. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलाच्या पगाराआधी मला जर्मनची माहिती मिळाली होती. जर्मन म्हणजे बाई नव्हे. चिंचवडच्या कारखान्यात अण्णा ज्या ग्राइंडिंग मशीनवर उभी हयात उभे राहिले, ते मशीन. सगळे त्याला मशीन म्हणत, अण्णा ‘आमची जर्मन’ म्हणत. जर्मनीहून ते बसवायला एक साहेब आला होता. त्याने तरुण अण्णांना शिकवलं होतं की हँडव्हील एका बोटाने फिरलं पाहिजे, दोन बोटं लागली तर दोष मशीनचा नाही, तुझा. ते वाक्य आमच्या घरात कपाटाच्या दारांपासून प्रेशर कुकरच्या झाकणापर्यंत सगळ्याला लागू आहे. मला सुरुवातीला फार राग यायचा. आता मीही पोरांना तेच ऐकवते.

सासूबाई, म्हणजे सरलाताई, जर्मनला सरळ सवत म्हणायच्या. अण्णांच्या शर्टाला कायम कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, वास असायचा. “आलं सवतीचं अत्तर,” म्हणत त्या शर्ट वेगळ्या बादलीत टाकायच्या. खंडेनवमीला अण्णा मशीन पुसून-पासून हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे असा सगळा थाट करायचे. सासूबाईंच्या वाढदिवसाला मात्र दोनदा पेढे विसरले. हा विषय अजून मिटलेला नाही.

मग कारखाना बंद पडला. आता तिथे उंच इमारती आहेत आणि खाली पिझ्झा मिळतो. ज्या दिवशी मशिनं ट्रेलरवर चढली, त्या दिवशी सासूबाईंचं ऑपरेशन होतं आणि अण्णा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. जर्मन कुठे गेली, कोणी घेतली, की भंगारात वितळली, काही कळलं नाही. अण्णा त्याबद्दल बोलत नाहीत. सासूबाई बोलतात. “माझ्या पित्ताशयापायी बिचारी निरोप न घेता गेली.” थट्टेने म्हणतात, पण म्हणताना अण्णांकडे बघत नाहीत.

या उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे आले. गुडघे दुखतात, विमानात बसवत नाही, तेव्हा ही खेप शेवटचीच, असं अण्णांनी आल्या आल्या सांगून टाकलं. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाले, “वृंदा, इथे कुठे जर्मन असेल का गं? तसलीच, जुनी. खंडेनवमीला नुसतं कुंकू लावून येऊ. तेवढं झालं की माझं काही मागणं नाही.”

अण्णांनी आजवर माझ्याकडे चहाशिवाय काही मागितलेलं नव्हतं. मी कंबर कसली. शोधलं तर काय, त्याच जर्मन कंपनीची इथली शाखा आमच्यापासून एका बसच्या अंतरावर निघाली. जुनी मशिनं दुरुस्त करून द्यायची त्यांची शेड. ऑगस्टमध्येच मेल टाकली. विम नावाच्या तिथल्या मेकॅनिकचं उत्तर आलं, ‘जरूर या, कॉफी पाजतो.’ सोबत फोटो होता. शेडच्या मधोमध शोभेला ठेवलेली हुबेहूब अण्णांची जर्मन. अण्णांनी तो फोटो फोनच्या पडद्यावर लावला. तिथे आधी सासूबाई होत्या. त्यांनी दोन दिवस कारल्याची भाजी केली.

फुलांची एक गंमत झाली. हा देश जगाला फुलं विकतो, पण ऑक्टोबरात झेंडू मागायला जा. तीन बाग-दुकानं पालथी घातल्यावर चार मरगळलेल्या कुंड्या मिळाल्या. विकणारी बाई म्हणाली, थंडीत ही जगणार नाहीत. मी म्हटलं, बाई, यांना उद्यापर्यंतच जगायचंय.

खंडेनवमीला मी अर्धा दिवस रजा टाकली. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, वर राघवचं जाकीट, डोक्याला माकडटोपी. सासूबाईंनी पिशवी भरून दिली. हळदकुंकवाचा करंडा, अक्षतांची डबी, हार, पेढे. “सवतीला माझा नमस्कार सांगा,” त्या म्हणाल्या. बसमध्ये अण्णा पिशवी मांडीवर धरून बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे.

शेडच्या फाटकावर संपाला लावतात तसला लाल फडका लावलेला दिसला तेव्हा मी जरा थबकले. आत दहाबारा माणसं थर्मासभोवती उभी होती. आणि मधोमध जर्मन. तिच्यापुढे मेणबत्त्या लावलेल्या. तिच्यावर पांढऱ्या शेवंतीचं भलंमोठं गोल कडं. कड्याला रुंद रेशमी फीत, फितीवर सोनेरी डच अक्षरं. ‘शांतपणे विसावा घे.’ इथे थडग्यांवर लिहितात ते.

मी फीत वाचत होते. अण्णांना डच येत नाही. त्यांनी शेवंती पाहिली, दिवे पाहिले, मशीनभोवती जमलेली माणसं पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

“वृंदा, बघ,” ते म्हणाले. “हेही करतात गं. आणि आजच्याच दिवशी. मी म्हणत नव्हतो? शैलेंद्रला फोटो पाठव.”

“अण्णा, एक मिनिट थांबा—”

पण पूजा दिसल्यावर अण्णा थांबणार कसले. त्यांनी तिथेच बूट काढले. पांढरे केस, ढगळ टी-शर्ट आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला एक उंच माणूस धावत आला. तो विम. “बूट नको काढूस, इथे सेफ्टी शूज लागतात,” तो डचमध्ये म्हणाला. अण्णांनी त्याला हसून नमस्कार केला आणि नुसत्या मोज्यांवर पुढे गेले. करंडा उघडला. मशीनच्या कपाळी, म्हणजे कंपनीचं नाव कोरलंय त्याच्या वर, हळद लावली, कुंकू लावलं. शेवंतीच्या कड्यावर आपला झेंडूचा हार चढवला. मग तोंडभर हसत पेढ्यांचा बॉक्स घेऊन वळले आणि ऑफिसातल्या एका बाईपुढे धरला. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिने पेढ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि विमकडे पाहिलं.

“हा माणूस इतका खूश का आहे?” विमने मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण मागचे दोघं पुढे सरकले होते.

“माझी मेल ऑगस्टची होती,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं. काय झालंय इथे?”

“सप्टेंबरात जर्मनीहून निरोप आला. तिकडे ऑर्डरी नाहीत, खर्च कमी करायचाय. महिनाअखेर शाखा बंद. शुक्रवारी हिला भंगारवाला नेणार.” त्याने मशीनकडे मान वळवली. “तुला कळवायचं राहून गेलं. डोक्यातच नव्हतं. सॉरी.”

मग मी त्याला सांगितलं. आमच्यात वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांची पूजा होते, तो दिवस आज आहे, आणि माझ्या सासऱ्यांना वाटतंय की तुम्हीही तेच करताय. विमने तोंडावरून हात फिरवला. मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं.

“मग सांग त्यांना,” विम म्हणाला.

“नाही सांगितलं तर चालणार नाही का? ते आठवड्याने परत जातायत. आनंदात जाऊ देत.”

“का? म्हातारे आहेत म्हणून?” तो म्हणाला. “आयुष्यभर हिच्यावर काम केलंय ना त्यांनी? मग त्यांना कळायला हवं.”

डच माणसाला आडपडदा नाही हे मी बारा वर्षं ऑफिसात सोसते आहे, पण त्या दिवशी जितका राग आला तितका कधी आला नव्हता. राग आला कारण तो बरोबर बोलत होता. चिंचवडलाही अण्णांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

मी अण्णांजवळ गेले. ते खिशातल्या रुमालाने मशीनचा कठडा पुसत होते.

“अण्णा, ही पूजा नाहीये,” मी म्हणाले. “कारखाना बंद होतोय. हे कडं आपण प्रेतावर हार घालतो ना, तसं आहे. हिला शुक्रवारी भंगारात नेणारेत.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग त्या रडवेल्या बाईकडे. तिच्या हातात पेढा तसाच होता.

“अरेरे,” ते म्हणाले. “आणि मी हसत सुटलो होतो. काय वाटलं असेल या लोकांना.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं. अण्णा मात्र पिशवीत काहीतरी शोधत होते. त्यांनी अक्षतांची डबी बाहेर काढली.

“मग खंडेनवमी राहू दे,” ते म्हणाले. “आज उत्तरपूजा करू.”

“अण्णा, ती गणपतीची करतात.”

“ज्याला पाठवायचं त्याची करतात. न करता पाठवलं की मागे राहिलेल्याला चैन पडत नाही. मला विचार.” ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. “यांना सांग नीट समजावून.”

तेव्हा मी, आयटीतली बाई, डच मेकॅनिकांना उत्तरपूजा समजावून सांगू लागले. देव घरी येतो, दहा दिवस राहतो. जायच्या दिवशी अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. की देव मोकळा झाला. आता जा, पण परत ये, असं म्हणायचं.

“परत ये?” विमने विचारलं. “ही वितळणार आहे.”

मी भाषांतर केलं. अण्णा म्हणाले, “गणपतीही विरघळतोच की. तरी दरवर्षी येतो.”

विमने हात पुढे केला. अण्णांनी त्याच्या तळव्यावर अक्षता ठेवल्या. मग एकेकाच्या. एका तरुण मेकॅनिकने लगेच फेकल्या, कारण इथे तांदूळ लग्नात नवरानवरीवर फेकतात, आणि त्याचा नेम असा की त्या अण्णांच्या माकडटोपीवर बसल्या. अण्णांनी टोपी झटकली आणि त्याला पुन्हा दिल्या. तेव्हा ती रडणारी बाईसुद्धा हसली आणि तिने पेढा खाल्ला.

सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. आता हलवायचं. एवढं मोठं धूड हलणार कसं, असं माझ्या मनात आलं, तोवर अण्णांनी हँडव्हीलकडे बोट दाखवलं.

“त्याला म्हणावं, तू फिरव,” ते म्हणाले. “इथली आहे, इथल्या माणसाने हलवावी.”

विम पुढे झाला. त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. अण्णांनी त्यातला एक हात हळूच बाजूला केला. मग दुसऱ्याची बोटं उचलली, एकच ठेवलं. विमने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“मलाही असंच शिकवलं होतं,” तो म्हणाला.

त्याचं भाषांतर मी केलं नाही. अण्णांनी विचारलंही नाही. चाक फिरलं. आवाज नाही, अडखळणं नाही. आतलं टेबल इंचभर सरकलं आणि थांबलं.

“पुनरागमनाय च,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी मशीनला अनवाणी वाकून नमस्कार केला. मोजे होते खरं तर, पण मी अनवाणीच म्हणेन.

नंतर कॉफी झाली. पेढे संपले. विमने अण्णांना बूट घालायला खुर्ची आणून दिली आणि स्वतः गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या. अण्णा “अहो, अहो” करत राहिले.

बसमध्ये मी म्हटलं, “आता शैलेंद्रला काय सांगायचं?”

“त्याला म्हणावं, फिरतंय अजून. एका बोटाने,” अण्णा म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

घरी आलो तर सासूबाईंनी ताटं मांडली होती. अण्णा हात धुऊन बसले. सासूबाई वाढायला वाकल्या आणि त्यांच्या बाहीपाशी क्षणभर थांबल्या. इतक्या वर्षांनी कूलंटचा तो वास पुन्हा घरात आला होता.

“भेटली वाटतं,” त्या म्हणाल्या.

“भेटली.”

“आणि?”

अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं.

“नीट गेली,” ते म्हणाले.

सासूबाईंनी वरणभातावर तुपाची धार धरली, आणि अण्णा पुरे म्हणाले तरी थोडा वेळ धरूनच ठेवली.